पाण्याला दिलेले आणि पाण्याने घेतलेले

सिंधुदुर्ग जिल्ह्यात निवतीच्या खडकांजवळ, जेथे आजवर कोळ्यांची जाळी आणि दीपगृहाचा उजेड यांखेरीज मनुष्याची फारशी वहिवाट नव्हती, तेथे भारतीय नौदलाच्या सेवेतून निवृत्त झालेली ‘गुलदार’ ही युद्धनौका समुद्राच्या तळाशी बसवून तिचे संग्रहालय करावे, अशी योजना महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने आखली असून केंद्र सरकारने तिच्यासाठी सुमारे ४७ कोटी रुपयांची मंजुरीही दिली आहे. ही नौका १९८५ साली पोलंडमध्ये नौदलात दाखल झाली. रणगाडे आणि सैनिक थेट किनाऱ्यावर नेऊन उतरविणे हे तिचे काम. आणि जानेवारी २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअर येथे सूर्यास्ताच्या वेळी तिच्यावरील ध्वज अखेरचा उतरविण्यात आला. तेल, विजेच्या तारा आणि समुद्राला बाधक असे जे जे काही असेल ते सर्व काढून घेऊन, रिकामे झालेले हे लोखंडी धूड तळाशी नेऊन ठेवावे, त्यावर प्रवाळांनी आणि शिंपल्यांनी घर करावे, माशांना आसरा मिळावा, आणि पाठीवर हवेची नळकांडी बांधून उतरणाऱ्या प्रवाशाने ते पाहून यावे, असा हा बेत आहे. बेत चांगला आहे. परंतु त्याच्या पोटात एक प्रश्न दडलेला आहे, आणि तो पर्यटनखात्याच्या अखत्यारीतला नसून धर्मविचाराच्या अखत्यारीतला आहे: जे एकदा पाण्याच्या स्वाधीन झाले, त्याच्याकडे पुन्हा पाहण्याचा अधिकार माणसाला कोठून येतो?

हा प्रश्न वऱ्हाडातल्या खामगावात बसून विचारण्याचे प्रयोजन काय, असे कोणी म्हणेल. येथून मुंबईचा किनारा गाठावयाचा तर आगगाडीची एक रात्र खर्ची पडते; येथला पाऊस ओढ्यानाल्यांनी पूर्णेला, पूर्णेतून तापीला आणि तापीतून सुरतेपलीकडे समुद्राला मिळतो, एवढाच काय तो निसर्गाने जोडून दिलेला संबंध. पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यातील मचूळ पाण्याचा घोट घेताना म्हातारी माणसे ‘इथं पयले समुद्रच होता’ असे सांगतात खरी, पण भूशास्त्रज्ञ त्या खारटपणाची कारणे निराळी देतात, आणि तो वाद येथे नको. व्यापाराने जोडलेला संबंध मात्र याहून पुष्कळ बळकट होता. १८५३ साली वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांच्या हाती आला, पुढे अमेरिकेतील यादवी युद्धाने लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला, आणि खामगावच्या कापूसबाजाराचे नाव विलायतेच्या पेढ्यांवर घेतले जाऊ लागले. १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो जातीने येथे आले आणि जलंब–खामगाव या चिमुकल्या लोहमार्गाचे उद्घाटन करून गेले, ते काही खामगावची हवा खाण्यासाठी नव्हे. येथली गाठोडी बंदरावर लवकर पोहोचावीत आणि बंदरातून लिव्हरपूलला रवाना व्हावीत, एवढाच त्या सन्मानाचा अर्थ होता. ज्या कुणब्याने जन्मात समुद्र पाहिला नाही, त्याच्या सावकारी खात्यातील बाकी समुद्रापलीकडून आलेल्या तारेने कमीजास्त होत असे. तेव्हा समुद्राचा वारसा हा किनाऱ्यावरील तालुक्यांचा इनामी हक्क आहे आणि आपण वऱ्हाडकर त्यात तिऱ्हाईत आहोत, असे मानण्याचे कारण नाही.

तरीही आमच्या धर्मस्मृतीत समुद्र फार थोडा आहे, आणि याचा दोष केवळ अंतरावर टाकता येत नाही. बौधायनाने समुद्रयान पातित्यकारक कर्मांत गणले. पुढे कलिवर्ज्यांच्या, म्हणजे कलियुगात निषिद्ध ठरविलेल्या कर्मांच्या यादीत, समुद्र ओलांडून आलेल्या द्विजाला प्रायश्चित्तानंतरही जवळ करू नये, इथपर्यंत निर्बंध जाऊन पोहोचला. परिणाम असा झाला की कोळी, खारवी, गाबीत, भंडारी यांनी समुद्र जाणला, पण त्यांच्या हाती लेखणी नव्हती. आणि ज्यांच्या हाती लेखणी होती, त्यांपैकी बहुतेकांनी समुद्राकडे पाठ केली. शिवछत्रपतींनी नोव्हेंबर १६६४ मध्ये मालवणच्या किनाऱ्यावर मोरयाच्या धोंड्यापाशी पूजन करून सिंधुदुर्गाच्या कामाला आरंभ केला, तेव्हा राज्याचा धर्म आणि समुद्र यांची गाठ पडली होती. पण त्या गाठीचे शास्त्र कोणी लिहून ठेवले नाही. आमच्या शेजारच्या शेगावात नौकेची जी एकच कथा घरोघर ठाऊक आहे, तीही समुद्राची नव्हे, नर्मदेची: ओंकारेश्वराहून परतताना खडकावर आपटून फुटलेली नाव, श्रीगजानन महाराज निश्चिंत बसलेले, आणि कोळ्याच्या मुलीच्या रूपाने प्रत्यक्ष नर्मदेने भोकाला लावलेला हात. ही कथा सांगणाऱ्या दासगणूंच्या पोथीचे पारायण करणाऱ्याला पाणी बुडवणारेही वाटते आणि तारणारेही. पण पाण्याच्या तळाशी जे उरते त्याचे काय करावे, याविषयी ती कथा काही सांगत नाही.

ते सांगणारी गोष्ट आमच्या जिल्ह्यात अन्यत्र आहे, आणि ती पाण्यातली नसून मातीतली आहे. मेहकरला १८८८ साली खोदकाम करताना शारंगधर बालाजीची काळ्या पाषाणाची भव्य मूर्ती सापडली. ती विलायतेच्या संग्रहालयात रवाना करण्याचा इंग्रज अधिकाऱ्यांचा विचार आहे, अशी कुणकुण लागताच गावकऱ्यांनी वरिष्ठांचा हुकूम येण्याची वाट न पाहता घाईने प्राणप्रतिष्ठा उरकून घेतली, असे मेहकरात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. या कथेतील तपशील इतिहाससंशोधकाने तपासावेत. मला तिच्यातील युक्ती महत्त्वाची वाटते. प्रतिष्ठा होण्यापूर्वी ती मूर्ती मालमत्ता होती, तिचा पंचनामा होऊ शकत होता, ती पेटीत घालून बोटीवर चढविता येत होती. प्रतिष्ठा झाल्यावर ती स्वतःच मालक झाली. प्रिव्ही कौन्सिलने १९२५ साली मूर्तीला कायद्याच्या दृष्टीने व्यक्तित्व आहे असे मान्य केले, त्याच्या सदतीस वर्षे आधी हे तत्त्व मेहकरच्या शेतकऱ्यांनी आणि भटजींनी अमलात आणून दाखविले होते. संग्रहालयात पाहणारा मोकळा असतो. पाहून झाले की त्याचे त्या वस्तूशी काही देणे उरत नाही. देवळात पाहणारा बांधला जातो. त्याला पायताण बाहेर काढावे लागते, नैवेद्य दाखवावा लागतो, आणि छप्पर गळू लागले तर वर्गणीही द्यावी लागते. पाण्याखालच्या संग्रहालयाचा विचार करताना हा भेद मनाशी ठेवला पाहिजे, कारण तेथे उतरणाऱ्याला आपण या दोहोंपैकी कोणत्या दारातून आत जात आहोत हे बहुधा ठाऊक नसते.

पाण्याला वस्तू देण्याचा विधी आमच्याकडे नवा नाही, आणि खामगावकरांना तो इतरांपेक्षा काहीसा अधिकच परिचित आहे. उभ्या महाराष्ट्राचे नवरात्र संपून देवी उठल्यानंतर, कोजागिरीपासून आमच्या गावात मोठ्या देवीचा उत्सव सुरू होतो आणि त्याची सांगता विसर्जनाच्या मिरवणुकीने होते. विसर्जनाचे शास्त्र मोठे सूक्ष्म आहे. उत्तरपूजा होऊन मूर्ती जागची हलविली की देवत्व निघून गेले. पाण्यात जाते ती माती. म्हणजे पाण्याच्या स्वाधीन करण्यापूर्वी त्या वस्तूला तिच्या पदावरून सन्मानाने उतरविले जाते. मूर्तीचा आणि पाण्याचा संबंध आरंभीही येतो: प्रतिष्ठेपूर्वी पाषाणमूर्तीला जलाधिवास घडवितात, म्हणजे काही काळ ती पाण्यात ठेवतात, आणि मूर्ती भग्न झाली तर तिला अखेर पाण्याचाच आश्रय सांगितलेला आहे. या दृष्टीने पाहता ‘गुलदार’चे समुद्रात जाणे मला मुळीच खटकत नाही. तिच्यावर ध्वज चढला तेव्हा ती लोखंडाचा सांगाडा राहिली नाही, आणि तो उतरला तेव्हा पुन्हा सांगाडा झाली. मधल्या काळात तिच्यावर वावरणाऱ्यांनी तिला सलाम केला. तिला कोणी बुडविले नाही, तिच्यासह कोणी बुडाले नाही. ती दिलेली वस्तू आहे, आणि दिलेल्या वस्तूकडे देणाऱ्याने पाहिले तर त्यात अधर्म नाही.

पण येथेच एक अडचण उभी राहते, आणि ती मला योजनेच्या कागदांत कोठे दिसत नाही. विसर्जनाचा दुसरा अर्धा भाग असा की विसर्जित वस्तू विरून जावी. मातीची मूर्ती रात्रीतून विरते. प्लास्टरची विरत नाही आणि दुसऱ्या दिवशी तिचे भग्न अवयव काठाला लागतात, तेव्हा भाविकाला जी ओशाळल्यासारखी अवस्था प्राप्त होते तिचे कारण सौंदर्यदृष्टीत नसून धर्मबुद्धीत आहे. संग्रहालयाचा धर्म याच्या नेमका उलट. वस्तू विरू न देणे हेच त्याचे काम. मग समुद्राच्या तळाशी संग्रहालय मांडणारा कोणाचा धर्म पाळणार? इटलीत सान फ्रुत्तुओसोच्या खाडीत १९५४ साली बाहू उंचावलेल्या ख्रिस्ताची कांस्याची दणकट मूर्ती तळाशी उभी केली गेली. तिच्यावर शेवाळ आणि शिंपले चढतात म्हणून पुढे तिला वर काढून दुरुस्तही करावे लागले. याउलट मेक्सिकोत कॅनकूनजवळ इंग्रज शिल्पकार जेसन डिकेअर्स टेलर यांनी शेकडो पुतळे उतरविले ते प्रवाळांनी त्यांचे नाक-डोळे झाकून टाकावेत याच हेतूने. मला दुसरा मार्ग अधिक प्रामाणिक वाटतो. लोखंडही समुद्रात विरतेच, फक्त त्याची मुदत मोठी असते. ‘गुलदार’चे संग्रहालय करणाऱ्यांनी ती मुदत पहिल्याच दिवशी प्रवाशाला सांगावी, आणि पन्नास वर्षांनी तिला खरवडून, रंग देऊन पुन्हा नवी करण्याचा मोह टाळावा.

जे दिलेले नाही, जे पाण्याने ओढून घेतले, त्याचा प्रश्न निराळा आणि फार कठीण आहे. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढी अमावास्येच्या सकाळी, मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ ही आगबोट वादळात सापडून काशाच्या खडकापाशी बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. सणासाठी घरी निघालेले गिरणी कामगार, दुकानदार, बायकापोरे असे ते लोक होते. रेवसच्या कोळ्यांनी होडीतील मासळी समुद्रात टाकून देऊन तरंगणारी माणसे आत घेतली असे सांगतात. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता, आणि त्या उत्सवाच्या गर्दीत हा शोक जो मागे पडला तो मागेच राहिला. त्याच्या वीस वर्षे आधी, नोव्हेंबर १९२७ मध्ये, ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन बोटी एकाच दिवशी बुडाल्या होत्या. ‘रामदास’, ‘तुकाराम’ अशी संतांची नावेही धारण करणाऱ्या या बोटी कोकणच्या माणसाला मुंबईशी जोडीत होत्या. त्यांच्याइतका आमचा म्हणावा असा सागरी वारसा दुसरा क्वचितच सापडेल. संयुक्त राष्ट्रांच्या शैक्षणिक, वैज्ञानिक व सांस्कृतिक संघटनेने २००१ साली केलेल्या कराराप्रमाणे शंभर वर्षे पाण्याखाली राहिलेली मानवी खूण ही सांस्कृतिक वारसा ठरते, ती शक्यतो जागच्या जागी राखावी आणि तिचा बाजार मांडू नये. या हिशेबाने ‘रामदास’ २०४७ साली वारसा होईल. शंभराव्या वर्षापर्यंत ती काय असते? माझे उत्तर असे की ती समाधी असते, आणि शंभर वर्षांनीही समाधीच राहते.

येथे कोणी आक्षेप घेईल की समाधीला माणसे जातातच. पाहणे हीसुद्धा श्रद्धांजली आहे. आक्षेप वजनदार आहे, आणि त्याला उत्तर आमच्याच शास्त्रात आहे. ज्याचा देह सापडला नाही त्याच्यासाठी पालाशविधी सांगितला आहे: पळसाच्या पानांचा वा देठांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यावयाचा. ज्या वऱ्हाडात फाल्गुनात बांधाबांधावर पळस पेटलेला दिसतो, तेथील वाचकाला या विधीची कल्पना करून देण्याची गरज नाही. त्यातील आशय असा की मृताचा शोध घेण्यासाठी समुद्राच्या तळापर्यंत जाण्याची आवश्यकता नाही; जिवंतांनी जमिनीवर आपले कर्तव्य केले म्हणजे पुरे. दीवच्या किनाऱ्यावर याचे मोठे उद्बोधक उदाहरण आहे. ९ डिसेंबर १९७१ रोजी पाकिस्तानी पाणबुडीने बुडविलेली ‘खुकरी’ तिच्या १८ अधिकाऱ्यांसह आणि १७६ नौसैनिकांसह समुद्रात आहे. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला नौका सोडण्यास तयार झाले नाहीत आणि तिच्याबरोबरच गेले. तिचे स्मारक जमिनीवर, समुद्राकडे तोंड करून उभे आहे. आणि तेच नाव धारण करणारी, नौदलातून निवृत्त झालेली दुसरी नौका आता दीवलाच प्रेक्षकांसाठी ठेवली आहे. पहिल्या ‘खुकरी’कडे कोणी तिकीट काढून जात नाही, दुसरीवर पोरे उड्या मारतात. कोणत्याही धर्मसभेने हा निवाडा दिला नव्हता, पण निवाडा अचूक आहे.

द्वारकेविषयी मी अधिक सावधपणे बोलेन. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या वतीने शि. रं. राव यांनी १९८० नंतर तेथील समुद्रात शोध घेतला. दगडी नांगर आणि बांधकामाचे अवशेष मिळाले. त्यांच्या काळाविषयी तज्ज्ञांचे एकमत झालेले नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांनी तेथे पाण्याखाली उतरून मोरपिसे अर्पण केली. ज्याला तेथे श्रीकृष्णाची नगरी दिसते त्याने ती अवश्य पाहावी. परंतु मौसलपर्वातील द्वारका समुद्राने गिळली ती यादवांच्या नाशानंतर, आणि त्या कथेचे तात्पर्य नगरी पुन्हा शोधून काढावी असे निश्चित नाही. पुराणाला पुरावा जोडण्याच्या घाईत पुराणाचा उपदेश हरवतो, आणि पुरावाही कोर्टात टिकण्याइतका पक्का होत नाही. असो.

पाहण्याच्या या हव्यासाला मोठे सुंदर उत्तर कांचीपुरमला आहे. तेथील वरदराज पेरुमाळाच्या मंदिरात अनंतसरस् नावाचे तीर्थ असून त्याच्या तळाशी औदुंबराच्या लाकडाची अत्तिवरदराची मूर्ती निजलेली आहे. चाळीस वर्षांतून एकदा ती वर काढतात, अठ्ठेचाळीस दिवस दर्शनाला ठेवतात, आणि पुन्हा पाण्यात नेऊन निजवितात. १९७९ साली ती वर आली, २०१९ साली आली. आता २०५९ पर्यंत ती पाण्याखालीच. परचक्राच्या भीतीने ती पूर्वी लपविली गेली असे सांगतात. भीती गेली, तरी शिरस्ता राहिला. २०१९ च्या त्या दीड महिन्यात तेथे लोटलेली गर्दी वर्तमानपत्रांत सर्वांनी पाहिली. उरलेल्या एकोणचाळीस वर्षांत त्या तळ्याला कोणी पाणबुडे लावीत नाही आणि काचेची खिडकी बसवीत नाही. आणि तरी त्या देवाच्या असण्यात कोणाला तिळमात्र संशय नाही. वारसा आपला असण्यासाठी तो प्रत्यही डोळ्यांसमोर असलाच पाहिजे, ही समजूत आम्हाला संग्रहालयांनी लावली, देवळांनी नव्हे.

म्हणून लोकांचा सहभाग हा शब्द जेव्हा सरकारी मसुद्यात वाचतो तेव्हा मी तिकिटांच्या संख्येकडे पाहत नाही. निवतीच्या पाण्यात उतरणारे धडधाकट, तरुण, पैसेवाले आणि न घाबरणारे असणार; खामगावच्या बाजारपेठेतील हमाल, चांदीच्या दुकानातील कारागीर किंवा सातवीतील मुलगी तेथे जाण्याचा संभव अल्प. या लोकांना ‘गुलदार’ कशी कळणार? गोव्याजवळ सुंची खडकापाशी बुडालेल्या पोर्तुगीज काळातील गलबताच्या अवशेषांत हस्तिदंत आणि पाणघोड्याचे दातही सापडले, म्हणजे आफ्रिकेचा किनारा आणि आपला किनारा यांचा व्यवहार तेथे जणू चोपडीत मांडून ठेवलेला आहे. पण ते दात कोठे आणि कसे दाखवायचे याचा विचार गोव्याबाहेर कोणी केल्याचे दिसत नाही. चीनमध्ये यांगत्से नदीवरील प्रचंड धरणामुळे बायहेलिआंगचा शिलालेखांचा खडक पाण्याखाली जाणार हे ठरले, तेव्हा तेथे पाण्याखालीच बोगदा बांधून, जिन्याने उतरून काचेच्या गवाक्षांतून तो पाहता येईल अशी व्यवस्था २००९ साली करण्यात आली. त्या खडकावर बारा शतके नदीची नीचांकी पातळी माशांच्या आकृत्या कोरून नोंदविली जात होती. तेथे पोहता न येणारा म्हाताराही जाऊ शकतो. हा खर्च आम्हाला झेपणारा नाही, हे मी जाणतो. पण आधी नोंद, मग पाणी, हा त्यातील क्रम तरी आम्ही घ्यावा.

कारण आमच्या दारातही एक संग्रहालय पाण्याखाली जाण्याच्या तयारीत आहे. नांदुरा तालुक्यात पूर्णेवर जिगावचा प्रकल्प होत आहे आणि त्याच्या बुडीत क्षेत्रात अनेक गावे जात आहेत. उजनीच्या जलाशयात पळसदेवचे प्राचीन शिवालय गेले. देव नव्या गावी नेला, आणि दुष्काळात पाणी ओसरले की जुने शिखर वर येते आणि लोक ते पाहायला लोटतात. जिगावबाबत असे दुष्काळाची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. तलाठी आणि भूसंपादन अधिकारी घरे, विहिरी, झाडे यांची मोजदाद करून नुकसानभरपाईची रक्कम ठरवितात. त्याच दप्तरात प्रत्येक गावचे मारुतीचे देऊळ, पार, वीरगळ, दर्गा, समाध्या आणि नदीवरचे घाट यांचीही नावानिशी, छायाचित्रासह नोंद व्हावी, कोणता देव कोठे हलविला आणि कोणता विधिपूर्वक पाण्याला दिला हे तीत लिहिले जावे, आणि त्या नोंदीची एक प्रत जिल्ह्याच्या दप्तरात व एक खामगावच्या सार्वजनिक वाचनालयात ठेवली जावी, अशी मागणी मी करतो. ज्या वाचकांचे सोयरे त्या गावांत आहेत त्यांनी सरकारच्या हुकमाची वाट पाहू नये. मेहकरकरांनी पाहिली नव्हती. या उन्हाळ्यातच तेथे जावे, म्हाताऱ्यांकडून देवांची आणि जागांची नावे विचारून घ्यावीत आणि वहीत उतरवून ठेवावीत.